पानातला मायक्रो-आरएनए मुळात पोचला, हे कलमावर कसं सिद्ध करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका महाविद्यालयातला एम.एस्सी.चा प्रकल्प. लाल भोपळ्याच्या खुंटावर काकडीचं कलम केलं, गच्चीवरच्या शेडनेटमध्ये ठेवलं आणि १० दिवस फॉस्फेटविना वाढवलं. मग कलमाच्या खाली भोपळ्याच्या खोडाला काप देऊन रस गोळा केला आणि मुळंही घेतली. रसात आणि मुळांत मिर-३९९, म्हणजे फॉस्फेट कमी पडल्यावर वाढणारा एक मायक्रो-आरएनए (जनुकं गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा), वाढलेला दिसला. सगळे आकडे यू-६ या आरएनएला प्रमाण धरून, म्हणजे त्याच्या आकड्याने भागून काढले आहेत. आता विचारणा आहे की पानांत तयार झालेला मिर-३९९ मुळात गेला, असं प्रबंधात लिहिता येईल का? आणि येत नसेल तर उरलेल्या महिन्यांत काय करावं?

असं लिहिता येणार नाही. फॉस्फेट तुटलं की भोपळ्याची मुळं स्वतःच मिर-३९९ बनवायला लागतात, त्यामुळे मुळात सापडलेला रेणू वरून आला की तिथंच तयार झाला हे या मांडणीतून कळत नाही. दुसरी अडचण यू-६ची आहे आणि ती जास्त गंभीर आहे. यू-६ हा केंद्रकातला आरएनए. रसवाहिनीतली साखर वाहणारी नळी म्हणजे चाळणी नलिका, आणि तिच्या पक्व पेशीला केंद्रक नसतं. म्हणजे शुद्ध रसात यू-६ नगण्य असायला हवा. तो तुमच्या रसात इतका आला असेल की त्याला भाजक म्हणून वापरता आलं, तर कापलेल्या पेशींचा ऐवज रसात मिसळला आहे. प्रकल्प मात्र यामुळे वाया जात नाही. प्रश्न चांगला आहे आणि निवडलेली झाडंही मुंबईच्या हवेला योग्य आहेत. पुराव्याची रचना बदलावी लागेल, एवढंच.

आधी वाहतुकीबद्दल, कारण नियंत्रणं कोणती ठेवायची हे त्यातूनच ठरतं.

वनस्पतीत लघु आरएनए प्रामुख्याने २१, २२ आणि २४ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतले दुवे) लांबीचे असतात. मायक्रो-आरएनए डायसर-१ हे कापणारं विकर कापून तयार करतं आणि ते बहुतेक २१चे असतात. विषाणू किंवा ट्रान्सजीन (बाहेरून घातलेलं जनुक) यांच्या दुहेरी आरएनएपासून डायसर-४ २१चे तुकडे करतो, डायसर-२ २२चे; या तुकड्यांना सायआरएनए म्हणतात. डीएनएवर मिथाइल खुणा करायला लावणारे २४चे तुकडे डायसर-३चे. कापल्यावर हेन-१ हे विकर दोन्ही धाग्यांच्या ३' टोकाला मिथाइल गट लावतं, म्हणून तो तुकडा पेशीत टिकतो. ही मिथाइलची गोष्ट लक्षात ठेवा, खाली मोजमापात ती आडवी येते.

पुढचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. शेजारच्या पेशीत जायला प्लाझ्मोडेस्माटा, म्हणजे पेशीभित्तिकेतले सूक्ष्म पूल. फक्त याच वाटेने सायआरएनए साधारण १० ते १५ पेशींपर्यंत पोचतो. लांब जायचं असेल तर सहपेशीतून, म्हणजे नलिकेशेजारच्या मदतनीस पेशीतून, चाळणी नलिकेत शिरावं लागतं. तिथून पुढे तो साखरेच्या प्रवाहाबरोबर वाहतो, ताशी अर्धा ते एक मीटरच्या आसपास वेगाने. त्यामुळे दिशा साखर ठरवते. पक्व पान साखर देतं. मूळ, कोवळा शेंडा आणि वाढतं फळ साखर घेतात. पानातून मुळाकडे संकेत सहज जातो. खुंटाकडून वर जायचा असेल तर वरचा भाग कोवळा आणि साखर ओढणारा असावा लागतो. म्हणूनच कलमावर पानं किती आणि कोणत्या वयाची ठेवली, याची नोंद प्रत्येक झाडाची हवी. जलवाहिनीचा रस ही वेगळी बाब आहे. मोहरीवर्गातल्या रेपसीडमध्ये तपासलं तेव्हा रसवाहिनीच्या रसात मायक्रो-आरएनए सापडले, जलवाहिनीच्या रसात आरएनए मिळालाच नाही.

प्रवास करणारं रूप बहुधा दोन धाग्यांची जोडी हेच असतं. एकदा एक धागा आर्गोनॉट या, त्याच्या मदतीने जनुक गप्प करणाऱ्या, प्रथिनात बसला की ते प्रथिन १०० किलोडाल्टनहून जड, आणि धागा त्या पेशीचाच होऊन जातो. २०२०मध्ये अराबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहान झाडावर झालेल्या कामातून दिसलं की वाटेतल्या पेशींतले आर्गोनॉट आपापल्या पसंतीच्या जोड्या खाऊन टाकतात आणि उरलेल्या पुढे सरकतात. म्हणजे दूरच्या पेशीत जे सापडतं ते वाटेत गाळून उरलेलं असतं. वर विपुल असलेला रेणू खाली दिसला नाही तर ‘वाहतूक नाही’ असा निष्कर्ष लगेच काढायचा नाही, तो यासाठी.

कलमावरचा पुरावा जुना आहे. १९९७मध्ये तंबाखूत नायट्रेट रिडक्टेजचं जनुक गप्प झालेल्या खुंटावर तेच ट्रान्सजीन असलेली पण गप्प न झालेली काडी (कलमाचा वरचा भाग) लावली, तर काडीतलंही ते जनुक गप्प झालं. मधे ३० सेंटिमीटरपर्यंत दुसऱ्या, ते ट्रान्सजीन नसलेल्या खोडाचा तुकडा ठेवला तरी संकेत पोचला. २०१०मध्ये अराबिडोप्सिसच्या कलमांवर २४च्या तुकड्यांचा प्रवास आणि मुळातल्या डीएनएवर त्याचा परिणाम दाखवला गेला. मिर-३९९चं काम २००८चं आहे. वरच्या भागात तो जास्त बनेल अशी झाडं साध्या खुंटावर लावली, तर खुंटाच्या मुळात पक्व मिर-३९९ वाढला, तो ज्याला गप्प करतो त्या पीएचओ२ जनुकाचा संदेशवाहक आरएनए कमी झाला आणि मुळात मिर-३९९चा पूर्वरूप आरएनए (ज्यातून तो कापला जातो तो लांब आरएनए) मात्र वाढला नाही. हा शेवटचा मुद्दा तुमच्या प्रबंधासाठी सर्वांत मोलाचा, कारण ‘मुळानं स्वतः बनवला’ ही शंका त्यामुळे मिटते. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतून २०१४मध्ये बटाट्यातल्या मिर-१५६वर प्रसिद्ध झालेला शोधनिबंध वाचा. तिथंही कलम, रसवाहिनीच्या रसाची तपासणी आणि कंदावरचा परिणाम असे तिन्ही धागे एकत्र आणले आहेत.

आता तुमच्या रसाबद्दल.

भोपळ्याचं खोड कापलं की थेंब आपोआप येतो, म्हणूनच हे झाड सगळ्यांना आवडतं. पण पहिल्या थेंबात कापलेल्या पेशींचं सगळं येतं. धारदार नवं ब्लेड घ्या, एका दमात कापा, पहिले थेंब निर्जंतुक टिपकागदाने टिपून टाका आणि नंतर येणारा स्वच्छ थेंब पिपेटने उचला. हा रस हवेत उघडा राहिला की जेलीसारखा घट्ट होतो, कारण त्यातली पीपी-१ आणि पीपी-२ ही प्रथिनं ऑक्सिजनने एकमेकांना सल्फरचे बंध जोडतात. म्हणून थेंब नळीत साठवून नंतर ट्रायझॉल (आरएनए काढायचं फेनॉलयुक्त द्रावण) घालू नका. नळीत ट्रायझॉल एलएस, म्हणजे त्याचाच द्रव नमुन्यांसाठीचा प्रकार, आधीच ठेवा आणि थेंब त्यातच सोडा. प्रमाण १ भाग रस, ३ भाग ट्रायझॉल एलएस. २५० मायक्रोलिटर रसाला ७५० मायक्रोलिटर. एका झाडाचा रस पुरत नसेल तर तीन-चार झाडांचा एकत्र करा, पण मग तो एकच जैविक नमुना धरायचा. अशा तीन एकत्रित नमुन्यांखाली जाऊ नका.

झाडांना आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या आणि रस सकाळी काढा. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरचं झाड मलूल असतं, थेंब येत नाही, मग कापाशेजारचं खोड दाबलं जातं. खोड दाबलं की नमुना गेला. दाबून काढलेला रस कितीही असला तरी टाकून द्या.

काकडीवर्गात आणखी एक अडचण आहे आणि ती बऱ्याच प्रकल्पांत नजरेतून सुटते. या झाडांत रसवाहिन्यांची दोन जाळी असतात, एक वाहिनीगठ्ठ्यातली आणि एक गठ्ठ्याबाहेरची. कापल्यावर आपोआप येणारा थेंब मुख्यतः बाहेरच्या जाळ्यातला असतो. साखरेची मोठी वाहतूक गठ्ठ्यातल्या जाळ्यातून होते. २०१०मध्ये दोन्ही रसांची प्रथिनं आणि साखर ताडून पाहिली तेव्हा ती खूप वेगळी निघाली. त्यामुळे ‘थेंबात सापडलं’ याचा अर्थ ‘मुख्य प्रवाहातून मुळाकडे गेलं’ असा थेट होत नाही. प्रबंधात ही मर्यादा स्पष्ट लिहा. परीक्षक विचारणारच आहेत, आणि विचारलं नाही तरी ते लिहिणं योग्य आहे.

शुद्धतेची तपासणी प्रत्येक नमुन्याची करा. रुबिस्कोच्या लहान उपघटकाचा संदेशवाहक आरएनए पानात भरपूर असतो, रसात नसायला हवा. ३५ चक्रांच्या आरटी-पीसीआरमध्ये (आरएनएची डीएनए-नक्कल करून ती वाढवण्याची चाचणी) तो रसात दिसला तर नमुना बाद. सोबत भोपळ्याच्या रसात नेहमी सापडणारा पीपी-१६चा संदेशवाहक आरएनए दिसायला हवा. तो दिसला नाही तर आरएनए काढण्यातच काही बिघडलं आहे आणि रुबिस्को न दिसण्याला काही अर्थ उरत नाही. यू-६ आता भाजकाच्या जागेवरून काढून या तपासणीच्या यादीत टाका.

भाजक म्हणून रसाचं आकारमान घ्या आणि बाहेरून घातलेला मापाचा आरएनए. ट्रायझॉल आणि रस नीट मिसळल्यावर, म्हणजे आरएनए तोडणारी आरएनएज विकरं निकामी झाल्यावर, वनस्पतीत नसलेल्या क्रमाचा कृत्रिम लघु आरएनए प्रत्येक नळीत सारखा घाला. सेल-मिर-३९ (cel-miR-39, एका सूक्ष्म कृमीचा मायक्रो-आरएनए) चालतो, ५ फेम्टोमोल पुरे. तो मागवताना ३' टोकाला २'-ओ-मिथाइल लावून मागवा. वनस्पतीच्या मायक्रो-आरएनएला तो गट असतो, आणि ज्या किटमध्ये पॉली-ए शेपूट लावून सीडीएनए (आरएनएची डीएनए-नक्कल) करतात त्यांत मिथाइल असलेल्या टोकाला शेपूट नीट लागत नाही. प्राण्यांच्या नमुन्यांसाठी बनवलेली अशी किट वनस्पतीत आकडा कमी दाखवतात, आणि मिथाइल नसलेला कृत्रिम आरएनए मात्र छान दिसतो. मग गुणोत्तर चुकतं. माझ्या मते तुम्ही स्टेम-लूप प्रायमरची, म्हणजे लघु आरएनएच्या टोकाला बसणाऱ्या दुमडलेल्या प्रायमरची पद्धत वापरा. १६ अंशांना ३० मिनिटं, मग ३० अंशांना ३० सेकंद, ४२ला ३० सेकंद, ५०ला १ सेकंद अशी ६० चक्रं, शेवटी ८५ अंशांना ५ मिनिटं.

आरएनए द्रावणातून खाली बसवताना आयसोप्रोपॅनॉलबरोबर २० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन घाला आणि रात्रभर उणे २० अंशांना ठेवा. नंतर ४ अंशांवर १२,००० जी, ३० मिनिटं. ७५ ऐवजी ८० टक्के इथेनॉलने धुवा, म्हणजे लहान तुकडे विरघळून जात नाहीत. लिथियम क्लोराइड इथं नको, ते लहान आरएनए खाली बसवत नाही. साध्या सिलिका कॉलमचंही तसंच, २०० न्यूक्लिओटाइडखालचं बरंचसं गाळणीतून वाहून जातं. नॅनोड्रॉप या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका. रसातला आरएनए इतका थोडा असतो की फेनॉलचा अंशच आकडा फुगवतो.

आता कलम. तुमच्या वर्णनावरून भेट कलम केलेलं दिसतं. काकडी आधी पेरली, भोपळा चार-पाच दिवसांनी, मग दोन्ही रोपांच्या देठांना तिरके काप देऊन एकमेकांत अडकवले आणि क्लिप लावली. या पद्धतीत मर कमी होते, पण काकडीचं स्वतःचं मूळ जिवंत असतं आणि ते ८-१० दिवसांनी कापावं लागतं. कापल्यानंतर आठवडाभर कलमाच्या खालचा काकडीचा तुकडा रोज बघा. दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, काकडीच्या देठाला लवकर नवी मुळं फुटतात. पाचर कलम किंवा भोक पाडून केलेलं कलम असेल तर धोका वेगळ्या जागी असतो. भोपळ्याचं देठ आतून पोकळ असतं. काकडीची मुळं त्या पोकळीतून खाली उतरतात, बाहेरून काही दिसत नाही आणि थेट मातीत पोचतात. मग तुमच्या ‘भोपळ्याच्या मुळां’च्या नमुन्यात काकडीचं मूळ असतं.

यावर उपाय असा. नमुना घेताना प्रत्येक झाडाचं देठ ब्लेडने उभं चिरा आणि पोकळी बघा. पांढरा धागा दिसला की ते झाड बाद. शिवाय प्रत्येक मुळाच्या नमुन्याचा थोडा डीएनए काढून काकडीचाच असा मार्कर पीसीआरने तपासा. डीएनए स्वतःहून रसवाहिनीतून वाहत येत नाही. काकडीचा डीएनए मुळात सापडला तर तिथं काकडीची पेशी आहे.

खुंटाची जातही नक्की करून घ्या. शोधनिबंधांतला भोपळा बहुतेक वेळा कुकुर्बिटा मॅक्सिमा असतो. आपल्या बाजारात लाल भोपळा म्हणून मिळणारा पुष्कळदा कुकुर्बिटा मोश्चाटा असतो. फळाचा देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाशी पसरट असेल तर मोश्चाटा. गोल, बुचासारखा मऊ असेल तर मॅक्सिमा. पण फळावरून बी काढण्यापेक्षा नावाचं बियाणं आणा. अर्का चंदन मोश्चाटा आहे, अर्का सूर्यमुखी मॅक्सिमा. दोन्ही प्रजातींचे जीनोम २०१७मध्ये आणि काकडीचा २००९मध्ये प्रसिद्ध झाला आहे, तेव्हा चुकीच्या जीनोमशी वाचनं (सिक्वेन्सरने वाचलेले तुकडे) ताडण्याचं कारण नाही.

पुढचं काम ठरवताना मी मिर-३९९चा हट्ट थोडा सैल करेन. तो दोन्ही झाडांत जवळजवळ सारख्याच क्रमाचा आहे, त्यामुळे कोणाचा कुठला हे क्रमावरून वेगळं करता येत नाही. त्याऐवजी लघु आरएनए सिक्वेन्सिंग करा आणि असे २१ ते २४चे तुकडे शोधा जे काकडीच्या जीनोमशी पूर्ण जुळतात आणि भोपळ्याच्या जीनोमशी एका न्यूक्लिओटाइडचा फरक चालवून घेतला तरी जुळत नाहीत. काकडी-भोपळा कलमाबरोबर भोपळा-भोपळा आणि काकडी-काकडी ही दोन्ही कलमं त्याच दिवशी, त्याच क्लिपांनी करा. भोपळा-भोपळा कलमाच्या मुळात जितकी ‘काकडीची’ वाचनं येतील तितकी तुमची पार्श्वभूमी. ती शून्य येत नाही. सिक्वेन्सरमध्ये नमुन्यांना ओळखीसाठी लावलेले निर्देशांक अदलाबदल होतात, वाचनात चुका असतात, प्लेटच्या एका खळग्यातून दुसऱ्यात शिंतोडे उडतात. संदेशवाहक आरएनएच्या प्रवासाबद्दलच्या जुन्या मोठ्या माहितीसंचांची २०२५मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा अनेक ‘प्रवासी’ रेणू अशाच गोष्टींनी समजावता येतात असं पुढे आलं. म्हणून दोन्ही टोकांना वेगळा निर्देशांक असलेली लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) मागा आणि पान व मूळ यांच्या लायब्ररी वेगळ्या दिवशी बनवा.

मिर-३९९ सोडायचाच नसेल तर मुळातला पूर्वरूप आरएनए मोजा, तोही दिवसागणिक: फॉस्फेट काढल्यावर १, २, ४, ७ आणि १० व्या दिवशी, पानात आणि मुळात. आधी डीएनएज, म्हणजे डीएनए तोडणारं विकर, लावा. पूर्वरूपाचा प्रायमर जीनोमवरही चालतो. पानात पूर्वरूप आधी चढलं, मग रसात पक्व रेणू आणि मुळात पक्व रेणू पूर्वरूपाच्या आधी वाढला, तर तो क्रम प्रवासाशी सुसंगत आहे. सिद्धता नाही, पण सुसंगती नक्की लिहिता येते. याला जोड म्हणून देठाला वाफेने चटका द्या, म्हणजे रसवाहिनी मरते आणि जलवाहिनी चालू राहते. आंब्यासारखी साल काढून हे जमणार नाही, कारण काकडीवर्गात गठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही रसवाहिनी असते. चटक्यानंतर २४ तासांत नमुना घ्या. त्यापुढे मूळ साखरेला उपाशी पडतं आणि जे बदलतं त्याचं कारण सांगता येत नाही.

फॉस्फेट खरंच तुटलं आहे का हेही बघा. होगलंडच्या द्रावणात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट काढलं तर पोटॅशियम जाऊ नये म्हणून तेवढंच पोटॅशियम क्लोराइड घाला. कोकोपीटमध्ये फॉस्फेट असतं, ते वापरू नका. धुतलेला परलाइट आणि डिस्टिल्ड पाणी. पानातलं विद्राव्य फॉस्फेट मॉलिब्डेट पद्धतीने मोजा, एका दुपारचं काम आहे.

शेवटचा पर्याय ट्रान्सजेनिक निकोटियाना बेंथामियानाचा (तंबाखूच्या जातभाईचा), १६सी नावाची जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, असलेली ओळ. खालच्या पानात जीएफपीचं जनुक वाहणारा अॅग्रोबॅक्टेरियम (झाडात जनुक घालणारा जिवाणू) टोचला की दोन-तीन आठवड्यांत वरच्या कोवळ्या पानांच्या शिरांवर अतिनील दिव्याखाली हिरव्याऐवजी लाल दिसू लागतं, आणि टोचलेल्या पानाखालची जुनी पानं हिरवीच राहतात. संकेताची दिशा डोळ्यांना दिसते. हे सायआरएनएचं प्रात्यक्षिक आहे, मिर-३९९बद्दल ते काही सांगत नाही. त्याला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, तिला वेळ धरा. आणि हे गच्चीवर करू नका, परवानगीच्या दृष्टीनेही नाही आणि तापमानाच्या दृष्टीनेही नाही. अराबिडोप्सिसमध्ये २२ वरून ३० अंशांवर नेलं की सायआरएनए बनवायला लागणारं एसजीएस३ प्रथिन घटतं, सायआरएनए कमी बनतात आणि गप्प झालेलं जनुक पुन्हा बोलू लागतं. मुंबईत वातानुकूलित खोली २२ ते २४ अंशांवर रात्रीही चालू राहणार असेल तरच ते हाती घ्या. नाहीतर काकडी-भोपळ्यावरच राहा, २८-३० अंशांत ती मजेत वाढतात.

आत्ता तुमच्याकडे फ्रीजरमध्ये असलेले रसाचे नमुने टाकू नका. त्यांतल्या प्रत्येकावर आधी रुबिस्को आणि पीपी-१६ चालवा. जे नमुने उत्तीर्ण होतील त्यांचे आकडे रसाच्या आकारमानावर पुन्हा काढा, आणि तेवढ्यापुरतं ‘फॉस्फेट तुटल्यावर रसातला मिर-३९९ वाढतो’ असं प्रकरण स्वतंत्रपणे लिहिता येईल.